क्रमांक अकराचा अभिप्राय

निबंध परत हातात आला तेव्हा तिनं आधी शेवटचं पान पाहिलं. मार्क बघायची जुनी खोड. मार्क नव्हतेच, हे एकमेकांचं वाचणं आहे, परीक्षा नाही, असं प्रशिक्षकांनी तीनतीनदा सांगितलं होतं. पानाच्या तळाशी, छापील चौकटीच्या बाहेर, पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं. ‘तुमचं म्हणणं पटतं. पण या आठ पानांत ऐकू न येणारं मूल एकदाही काही म्हणत नाही. सगळे त्याच्याविषयीच बोलतात.’ खाली सही नाही, नुसता आकडा, अकरा. तिनं कागद चटकन उलटा केला, वर्गात कुणीतरी काढलेलं आपलंच वाकडं चित्र सापडावं तसा. मग इकडेतिकडे पाहिलं. लांब टेबलाभोवती वीस-बावीस शिक्षक आपापले कागद वाचत होते, कुणी हसत होतं, कुणी मान हलवत होतं, आणि तिच्याकडे कुणीही पाहत नव्हतं. त्याचाच तिला जास्त संशय आला.

ती बोलायला शिकवायची. कर्णबधिर मुलांच्या शाळेत अठरा वर्षं तिनं एवढं एकच काम केलं होतं. पाच-सहा वर्षांची मुलं समोर बसवायची, बाजूला आरसा, हातात कागदाची पट्टी. ओठांसमोर पट्टी धरून ‘फ’ म्हटला की ती फडफडते. मुलाच्या ‘फ’नं फडफडली की शाबास. ‘ब’साठी मुलाची बोटं आपल्या गळ्यावर ठेवायची, मग त्याच्या स्वतःच्या. एकेका अक्षराला महिना महिना जायचा. तिच्या हाताखालून गेलेली मुलं चार माणसांत तोंड उघडतात असा शाळेचा लौकिक होता, आणि त्यात आपला वाटा मोठा आहे असं ती कधी म्हणाली नाही, पण दुसऱ्या कुणी म्हटलं तर अडवतही नसे. शाळेचा नियम जुना आणि सरळ होता: हात टेबलावर ठेवायचे, खाणाखुणा करायच्या नाहीत, हवं ते बोलून मागायचं. यंदा मात्र शाळेच्या समितीतल्या दोघांनी घोडं दामटलं होतं, की पुढच्या वर्षापासून खुणांची भाषा शिकवणारं कुणीतरी नेमावं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला खोलीत बोलावून सांगितलं, तुमचा तो प्रशिक्षणातला निबंध याच विषयावर लिहा, चांगला ठासून लिहा, तोच समितीपुढे ठेवू, एका दगडात दोन पक्षी. तिनं तीन आठवडे खपून तो लिहिला. ‘बोलणं हाच हक्क.’ सोमवारी चार वाजता तो सुधारून द्यायचा होता, आणि आज शुक्रवार संपत आला होता.

अकरा कोण असावं, यातच उरलेला तास गेला. पलीकडचे जाड चष्म्याचे गणिताचे शिक्षक मघापासून पेन्सिल चघळत होते. खिडकीजवळची चित्रकलेची बाई तिच्याकडे पाहून जरा जास्तच गोड हसली. कुणीतरी आतलं असणार, असं तिला वाटू लागलं. ज्याच्या घरात असं मूल आहे, किंवा समितीतल्या त्या दोघांच्या ओळखीचं कुणीतरी. परक्या माणसाला एवढं नेमकं बोट ठेवता येणार नाही. ‘पटतं’ असं आधी लिहून मग पायाखालची सतरंजी ओढायची, ही काही साधी रीत नव्हती. तिच्या वाट्याला क्रमांक चारचा निबंध आला होता, खेळाच्या तासाविषयी. तिनं त्यावर लिहिलं होतं, ‘मुद्देसूद. अक्षर सुधारावे.’ तो निबंध तिनं शेवटपर्यंत वाचलाही नव्हता. हे आठवलं आणि तिला एकदम गरम व्हायला लागलं. मग वाटलं, बरोबरच आहे, लोकांनी असंच लिहायचं असतं, हा अकरा कुठला राजा हरिश्चंद्र लागून गेला.

घरी जाताना बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. कागद पिशवीत होता, पण ओळी डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या. एकदाही काही म्हणत नाही. कसं म्हणणार? म्हणता यावं म्हणून तर हा सगळा खटाटोप. तिनं मनात उत्तर तयार केलं, ते चांगलं झालं, आणि तरी ती ओळ पुन्हा समोर आली. समोरच्या सीटवर एक माणूस मांडीखाली हात घालून बसला होता, थंडीमुळे असेल, आणि तिला दादा दिसला. दादा दहा वर्षांचा, जन्मापासून ऐकू न येणारा, ती सात. बाबा कारकून होते. ऑफिसातून आले की चहा पिऊन ते दादाला वेताच्या खुर्चीवर बसवायचे, त्याचे दोन्ही हात त्याच्याच मांड्यांखाली ठेवायला लावायचे, आणि वर्तमानपत्राची पट्टी कापून त्याच्या तोंडासमोर धरायचे. कुठल्याशा पुस्तिकेत वाचलं होतं त्यांनी, की अशा मुलाला हात मोकळे दिले तर ते तोंड उघडत नाही. बाबा दुष्ट नव्हते. त्यांचा आवाज कधी चढला नाही, चढून उपयोगही नव्हता. त्यांना एकाच गोष्टीची धास्ती होती, आपल्यामागे या मुलाला कोण समजून घेणार. ते पट्टीकडे बघत असल्यामुळे हातांकडे बघायचं काम तिच्याकडे होतं. एक हात जरा बाहेर आला, की ती सांगायची, ‘बाबा, दादाचा हात.’ बाबा पट्टी खाली न ठेवता नुसती मान हलवायचे आणि दादा हात परत आत घालायचा. तास संपला की त्याच्या हातांच्या पाठीवर वेताची नक्षी उमटलेली असायची, बारीक बारीक चौकटींची, आणि तिला ती चक्क आवडायची, ती त्यावरून बोट फिरवायची. तिनं हात पकडून दिला की दादा तिच्याकडे बघायचा. कसं बघायचा ते मात्र तिला कधीच आठवलं नव्हतं. आत्ताही आठवेना. त्या जागी नुसती खुर्ची होती. बाबा पाहुण्यांना सांगायचे, ही पोरगी पुढे शिक्षिका होणार, हिची नजर बघा. आणि तसंच झालं.

शनिवारी सकाळी तिनं न राहवून प्रशिक्षकांना फोन केला. आडून आडून विचारलं, की अकरा क्रमांकाला या विषयातली बरीच माहिती दिसते. ते हसले. नाव सांगता यायचं नाही म्हणाले, नियम म्हणजे नियम, पण माहितीचं म्हणाल तर त्या माणसानं निबंध हातात घेतल्यावर मला येऊन विचारलं होतं, की कर्णबधिर म्हणजे अजिबातच ऐकू येत नाही की थोडं येतं. फोन ठेवल्यावर तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट झालं. शत्रू असता तर बरं झालं असतं, शत्रूचं म्हणणं झटकून टाकता येतं. हा कुणीतरी रस्त्यानं जाणारा माणूस, ज्याला काही ठाऊक नव्हतं, आणि वाचता वाचता त्याला नुसतं चुकल्यासारखं वाटलं होतं.

दुपारी तिनं निबंध समोर घेतला. नवरा स्टुलावर उभा राहून खिडकीच्या काचा पुसत होता. तो म्हणाला, दोनचार ओळींचं एवढं काय मनाला लावून घेतेस, एक परिच्छेद घाल आणि मोकळी हो. तिनंही तेच ठरवलं होतं. ‘काही मंडळींचे असे म्हणणे आहे की, मुलांना खुणांची भाषा नैसर्गिक वाटते,’ असं तिनं लिहिलं, आणि पुढे ‘परंतु’ लिहून त्या मंडळींना तीन ओळींत आडवं केलं. वाचून पाहिलं. ही काही मंडळी कोण होती? त्यांना तोंड नव्हतं, वय नव्हतं, तिनंच त्यांना उभं केलं होतं आणि तिनंच पाडलं होतं, आणि मूल होतं तिथंच होतं, टेबलावर हात ठेवून. तिनं परिच्छेद खोडला. दुसरा लिहिला, त्यात एक मुलगा घातला आणि त्याच्या तोंडी ‘मला बोलायला आवडते’ असं वाक्य घातलं. ते इतकं खोटं वाटलं की तिनं कागदच चुरगळला. अठरा वर्षांत शेकडो मुलं तिच्यासमोर बसून गेली होती. त्यांची अक्षरं तिला पाठ होती, कुणाचा ‘स’ दातांतून निसटायचा, कुणाचा ‘न’ नाकात अडकायचा. त्यांतलं एकही काय म्हणालं होतं, हे मात्र तिला सांगता येईना. तिनं शिकवलेलीच वाक्यं आठवत होती. मला पाणी हवे. माझे नाव अमुक. आज सोमवार आहे.

आणि सहाव्या पानावर ते वाक्य होतं, ज्याच्यावर तिचा सगळा डोलारा उभा होता. ‘लेखिकेच्या परिचयातील एक कर्णबधिर गृहस्थ आज उत्तम बोलतात, स्वतःच्या पायांवर उभे आहेत आणि खुणांची त्यांना कधीच गरज भासली नाही.’ ते तिनं पाच-सहा वेळा वाचलं. गृहस्थ म्हणजे दादा. दादाला न विचारता तिनं त्याला साक्षीला उभा केला होता, आणि नावही झाकलं होतं. त्याला दाखवावं, असा विचार आला आणि त्याच क्षणी नको वाटलं. पण एकदा आलेला विचार पाहुण्यासारखा बसूनच राहिला.

रविवारी दुपारी ती दादाकडे गेली. त्याच्या दारावरचं बटण दाबलं की घरात आवाज होत नाही, दिवा उघडझाप करतो. दाराच्या फटीतून तो उजेड तिला दरवेळी दिसायचा आणि दरवेळी वाटायचं, आपण कुठल्यातरी भलत्याच ठिकाणी आलो आहोत. वहिनीनं दार उघडलं. वहिनीलाही ऐकू येत नाही, आणि ती बोलतही नाही; तिच्या शाळेत बोलण्याचा आग्रह नव्हता. तिला पाहून वहिनीनं आत वळून दादाला खूण केली, चार बोटं आणि अंगठा तोंडापाशी धरून चोचीसारखी उघडमीट. ही खूण ती वर्षानुवर्षं पाहत आली होती. ‘बोल’ असा अर्थ असावा, असं धरून चालली होती. आज पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं, की हे आपलं नाव आहे. या घरात आपल्याला असं म्हणतात.

दादा दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवतो. डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे येतात, तो मेणात एकेक दात बसवतो. हात इतका हलका, की डॉक्टर त्याचंच काम मागून घेतात. टेबलावर एका वहीशेजारी अर्धी कवळी पडली होती, मेणाची, गुलाबी, पुढच्या चार दातांची जागा रिकामी. तिनं निबंध पुढे केला. ओठ नीट हलवत, नेहमीसारखं सावकाश सांगितलं, की वाच, आणि काय वाटतं ते पेन्सिलीनं लिही, परीक्षकासारखं, मला वाईट वाटेल असं मनात आणू नकोस. दादानं चष्मा बदलला. वाचायला त्यानं तिच्या अंदाजाच्या दुप्पट वेळ लावला. वहिनी त्याच्या खांद्यावरून वाचत होती. मध्येच दोघांचे हात चालायला लागायचे, भराभर, एकमेकांना मध्येच तोडत, आणि थांबायचे. ती समोर बसून होती. खोलीत एवढं बोलणं चाललं होतं आणि तिला त्यातला एक शब्द कळत नव्हता. कुणीतरी मला सांगा हो, असं तोंड करून आपण बसलो आहोत हे तिला जाणवलं. तसं तोंड तिनं आधी पाहिलं होतं. लग्नाच्या पंगतीत, पाहुण्यांत, दादाचं.

सहाव्या पानावर पेन्सिल थांबली. दादानं मान वर केली.

‘बाबी, हा मी आहे?’

बाबी हे तिचं घरातलं नाव त्याच्यामुळेच पडलं होतं. ‘ब’ त्याला सर्वांत आधी आला. तिनं मान हलवली. वहिनीनं ते वाक्य वाचलं आणि टेबलावर हात आपटून हसली, मग बराच वेळ काहीतरी सांगत राहिली, छातीवर, बोटांवर, पुन्हा हवेत.

‘काय म्हणते?’ तिनं विचारलं.

‘म्हणते, गरज भासली नाही, तर आमचं लग्न कसं जमलं?’

तीही हसली, पण कान तापले होते. तिला खरंच हे लिहिताना खोटं वाटलं नव्हतं. या घरातले हात तिनं कधी धरलेच नव्हते हिशेबात. घरात माणूस कसाही बसतो, तसं काहीतरी वाटत होतं तिला त्याबद्दल. दादानं ते अर्धं वाक्य सरळ रेघेनं खोडलं, जरा विचार केला, आणि ‘उत्तम’ या शब्दावरही काट मारली. ती म्हणाली, ते का खोडतोस, तुझं सगळं बोलणं कळतं मला, अगदी स्वच्छ. दादानं कागदाच्या कडेला लिहिलं आणि कागद तिच्याकडे फिरवला. ‘तुला कळतं. माझं बोलणं सुधारलं नाही. तुझे कान तयार झाले.’

ती वाद घालायला लागली. अठरा वर्षांचा अनुभव आहे, एवढं तरी मला कळतं, वगैरे. तिचे ओठ भरभर हलू लागले तसं दादाला ते वाचता येईना; त्यानं हात वर करून तिला थांबवलं, वहिनीला काहीतरी विचारलं, आणि चपला पायांत सरकवल्या. ‘चल,’ म्हणाला. ‘ओळखीचं दुकान नको. लांबचं.’

तीन गल्ल्या ओलांडून ते गेले. शिवणाच्या सामानाचं अरुंद दुकान होतं, भिंतभर दोऱ्यांची रिळं, काउंटरमागे टापटीप भांग पाडलेला दुकानदार. दारातच दादानं तिला सांगितलं, तू बोलायचं नाहीस. मग आत जाऊन तो म्हणाला, ‘पांढरी बटणं द्या. सहा.’ तिला ते स्वच्छ ऐकू आलं. दुकानदार म्हणाला, काय? दादा पुन्हा म्हणाला. दुकानदारानं मान तिरकी केली, कान पुढे केला, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते हसू आलं जे लोक काही न कळल्यावर आणतात. त्यानं पांढरी फीत काढून पुढे ठेवली. दादा तिसऱ्यांदा म्हणाला, जरा मोठ्यानं, आणि त्या मोठ्या आवाजात तिला एकाएकी दुसरंच काही ऐकू आलं. आपण ओळखीचा रस्ता पहिल्यांदाच नकाशावर बघावा तसं. स्वर घशातून येत होते, व्यंजनं एकमेकांवर चढली होती. शब्द होता, पण तो शब्द आहे हे आधी ठाऊक असणाऱ्यालाच कळेल असा. दुकानदार तिच्याकडे वळला. ‘ताई, काय म्हणतायत हे?’ तिचं तोंड उघडलं. आयुष्यभर ते अशा वेळी आपोआप उघडलं होतं, बँकेत, दवाखान्यात, आईच्या दहाव्याला जमलेल्या माणसांत. दादा बोलायचा आणि पाठोपाठ ती तेच बोलायची, आणि लोक म्हणायचे, किती छान बोलतात हो हे. तिनं पिशवीचा बंद मुठीत धरला आणि जमिनीकडे पाहिलं. दादानं शर्टाचं बटण दोन बोटांत धरून दाखवलं, मग सहा बोटं. ‘असं होय,’ म्हणून दुकानदारानं बरणी उघडली.

परतताना रस्त्याकडेच्या बाकावर ते बसले. तिला खुर्चीबद्दल विचारायचं होतं, आणि ते कुठून सुरू करावं कळत नव्हतं, तेव्हा तिनं आपलेच हात मांड्यांखाली घालून दाखवले. दादानं ओळखलं.

‘तू सांगायचीस,’ तो म्हणाला. आज वारा आहे म्हणावं तसं.

‘राग यायचा?’

‘यायचा. मग पायांनी करायचो. टेबलाखाली. बोटांनी.’ त्यानं चपलेतला अंगठा हलवून दाखवला. ‘तू फक्त हात बघायचीस.’

‘पायांनी कुणाशी बोलायचास? घरात तर कुणाला येत नव्हतं.’

‘माझ्याशी,’ दादा म्हणाला.

मग दादानंच तिच्या पिशवीतून निबंध काढला, मांडीवर ठेवून दुसऱ्या पानावर, बोलण्यानं घरची माणसं जवळ राहतात असं लिहिलं होतं तिथं, खूण केली, आणि सावकाश, मध्ये मध्ये थांबत सांगितलं, की सगळं खोडू नकोस. आई शेवटी अंथरुणाला खिळली होती तेव्हा आईशी मी बोललो. रोज. आईला हात येत नव्हते, आणि ती तुझ्यासारखंच माझं ऐकायची. ते बाबांमुळे जमलं. ते राहू दे. तिनं विचारलं, मग काय लिहू, बाजू कुठली घेऊ? दादानं खांदे उडवले. निबंध तुझा आहे, म्हणाला. मी फक्त वाचलं. जे नाही ते आहे असं लिहू नकोस, एवढंच.

संध्याकाळी तिनं पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. आईचं लिहिलं. दुकानातलं लिहिलं, ‘गृहस्थ’ काढून ‘माझा भाऊ’ घातलं. ‘मी त्याचं बोलणं समजते, याचा अर्थ तो नीट बोलतो असा मी अठरा वर्षं घेत आले,’ हे वाक्य लिहून तिनं पेन खाली ठेवलं, कारण त्याच्या मागोमाग दुसरं येत होतं आणि ते तिला नको होतं. शाळेतल्या मुलांचं काय? त्यांचा ‘ब’ आपल्याला कळतो. रस्त्यावरच्या माणसाला कळतो का, हे तिनं कधी कुणाला विचारलं नव्हतं. सातव्या पानावर तिनं अर्धी जागा कोरी सोडली. तिथं मूल बोलायला हवं होतं, आणि दादा पन्नाशीचा होता. त्याचं म्हणणं ते त्याचं, मुलाच्या नावावर खपवता येणार नव्हतं.

सोमवारी सकाळी मोठ्या बाईंनी बोलावलं. त्यांना नवा सूर आवडला नाही, हे पहिलं पान उलटतानाच दिसलं. त्या चिडल्या नाहीत. पेपरवेट इकडचा तिकडे करत एवढंच म्हणाल्या, की समितीला निर्णय हवा असतो, दोन्ही बाजूंनी डमरू वाजवून भागत नाही, आणि आधीचा निबंध किती ठाम होता. तुमच्याच पोटावर पाय येईल याची कल्पना आहे ना, असंही विचारलं. तिला होती. रात्रभर दुसऱ्या कशाची नव्हती. आधीचा ठाम होता, असं कबूल करून ती बाहेर आली. निबंध तिनं चार वाजता दिला, तो नऊ पानांचा होता. मोठ्या बाईंनी तो समितीपुढे ठेवला की कपाटात, हे पुढे बरेच दिवस कळलं नाही, आणि शाळेत कुणाची नेमणूक होणार याची कुजबुज होत राहिली. पण चारच्या आधी तिला वर्ग घ्यायचा होता, आणि तिथं मुलांची बाई तीच होती.

वर्गात एक सहा वर्षांची मुलगी होती, नवीनच आलेली. कानातलं मशीन उपसून टाकायची. लावलं की काढायची, पुन्हा लावलं की रडून पुन्हा काढायची. घरचे म्हणायचे, घरी पण असंच करते. वहीत तिच्या नावापुढे ‘हट्टी’ असा शेरा होता, बाईंच्याच अक्षरात. त्या सकाळीही मशीन टेबलावर पडलेलं होतं. बाईंचा हात नेहमीसारखा ते उचलायला गेला, आणि तोंडानं ‘हात खाली’चा आकार घेतला, कारण मुलीचे हात हवेत काहीतरी करत होते. बाईंचा आकार पाहूनच मुलीनं हात टेबलावर ठेवले. शहाण्या मुलीसारखे, बोटं जुळवून.

बाई लहान खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. मशीनला त्यांनी हात लावला नाही. आपले दोन्ही तळहात उताणे केले आणि नुसतं तिच्याकडे पाहिलं. मुलीनं दाराकडे पाहिलं, बाकीच्या मुलांकडे पाहिलं, ती सगळी आता वळून बघत होती, आणि मग तिनं हात उचलून ते पुन्हा केलं. बाईंना कळलं नाही. मुलीनं परत केलं. बाईंनी मान हलवली, नाही. जणू काही परीक्षा त्यांचीच होती आणि समोर परीक्षक बसला होता. मुलगी खुर्चीवरून उतरली. जवळ आली, बाईंच्या हनुवटीला धरून त्यांचा चेहरा आपल्याकडे नीट फिरवला, जसा बाई रोज तिचा फिरवत, आणि तेच सगळं अगदी सावकाश, मोठं मोठं करून, ओठसुद्धा हलवत पुन्हा सांगितलं. ज्याला कमी कळतं त्याच्याशी बोलावं तसं. एक बोट कानाकडे. मग दोन बोटांचा चिमटा, आणि चेहरा दुखऱ्यासारखा आवळलेला.

बाईंनी तिला उजेडाकडे वळवून कान पाहिला. रोज पाहायच्या त्या, पण वरवर. कानाची पाळी मागे ओढल्यावर आत, मशीनचा प्लास्टिकचा साचा बसतो त्या ठिकाणी, त्वचा सोलून लाल झाली होती आणि एका जागी खपली धरून पुन्हा फुटली होती. त्यांनी टेबलावरचा साचा उचलून कडेवरून बोट फिरवलं. एका बाजूला नखाएवढी धार राहिली होती. साचा त्यांनी बाजूला ठेवला. ‘किती दिवस’ला हात कसे करायचे हे त्यांना येत नव्हतं, म्हणून एक बोट दाखवलं, मग दुसरं, आणि भुवया वर उचलल्या. मुलीला लगेच कळलं. ती एकेक बोट उघडत मोजायला लागली, न चुकता, घाई न करता. दहा बोटं संपली तेव्हा तिनं दोन्ही मुठी मिटल्या आणि पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली.